तुम्ही विचारलंत म्हणून: मातीत पक्षीच का?

प्रदर्शनात हमखास विचारतात, "तुमच्या कामात जिकडेतिकडे पक्षीच का? घोडा नाही, माणूस नाही?" मला पक्ष्यांचं वेड असणार, हे विचारणाऱ्याने धरलेलंच असतं. तसं काही नाही. दुर्बीण घेऊन मी कधी हिंडलेली नाही. कारण मातीत आहे.

कुंभाराच्या चाकावरून उतरलेली बाटली बघा. फुगीर पोट, निमुळता गळा, टेकायला बूड. पक्षी अर्धाअधिक झालेलाच असतो. पिकासोने हे बरोबर हेरलं. 1947 पासून तो दक्षिण फ्रान्समधल्या वालोरिसला, मादुरा या मातीकामाच्या कार्यशाळेत काम करू लागला. तिथे चाकावर काढलेली ओली बाटली तो दाबायचा, दुमडायचा, मान मुरडायचा, की कबुतर बसलेलं! पंख वेगळे चिकटवायचे नाहीत, पडलेली घडी हाच पंख. करून बघितलंत तर कळेल, माती ओली असली की गळा लोळतो आणि जरा सुकली की दुमडीवर चीर पडते. पाण्याचं बोट फिरवून ती बुजवली, तरी भट्टीत पुन्हा तोंड उघडते. पिकासोचे वडील कबुतरांची चित्रं काढायचे, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला त्या कबुतरांत वडिलांपेक्षा बाटलीच जास्त दिसते.

खरी पंचाईत पायांची. माती सुकताना आकसते, भाजताना आणखी आकसते, आणि स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक, घट्ट भाजल्या जाणाऱ्या भांड्यांच्या भट्टीत 1200 अंश सेल्सियसच्या पुढे मऊही पडते. काडीसारखे पाय वरचं धूड कसं पेलणार? म्हणून मातीचे पक्षी बहुतेक बसलेले किंवा भक्कम पायांचे. लंडनजवळच्या साऊथॉलला मार्टिन बंधू या कुंभार भावांनी 1880 च्या दशकापासून सॉल्ट ग्लेझचे, म्हणजे भट्टीत मीठ टाकून चढवलेल्या काचेसारख्या लेपाचे, जे पक्षी घडवले, त्यांचे पंजे बघा, चांगले जाडजूड. नजर अशी, की समोरच्या वकिलाने उलटतपासणीच मांडली आहे. डोकं उचललं की खाली बरणी! झाकणाची फट मानेपाशी, पिसांत अशी बेमालूम बसवलेली, की कळतही नाही. मला हे पिकासोपेक्षाही आवडतात.

फिनलंडचा सिरॅमिक कलाकार बिर्गर काइपियाइनेन याने मात्र वेगळीच वाट काढली. सिरॅमिकचे मणी ओवून त्याने लांब चोचीचे पक्षी केले, म्हणजे भार पेलायला धातूचा सांगाडा आणि मातीकडे फक्त पिसारा. 1960 मध्ये त्याला मिलानच्या त्रिएन्नाले या डिझाइन प्रदर्शनात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. कल्पना झकास, पण ते काम माझ्या स्वभावाचं नाही. मणी ओवत बसायला लागणारा धीर माझ्याकडे नाही.

रंगवलेल्या पक्ष्यांचं गणित सोपं. इंग्लंडचा कुंभार बर्नार्ड लीच याच्या कामात ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत पक्षी उमटतो. भट्टीत ग्लेझ थोडं वाहिलं, रंग पसरला, तर माणसाचा चेहरा पार बिघडतो. पक्ष्याची चोच जरा फाकली तर बिघडत नाही, उलट तो काहीतरी बोलतोय असं वाटतं.

"पंख पसरलेला गरुड कराल का?" असंही कुणी विचारतं. करते की, पण थाळीवर, ब्रशने.