सिंगालीलात हाब्रे दिसेपर्यंत

दार्जिलिंगजवळच्या संदकफू शिखरावर जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी कांचनजंगा बघायला जातात. मला सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातला लाल पांडा बघायचा होता, आणि त्यासाठी ट्रेकची आखणीच वेगळी करावी लागली.

नेहमीचा ट्रेक म्हणजे मानेभंजन, टुमलिंग, कालीपोखरी, संदकफू. रोज पुढचा मुक्काम. लाल पांडा दिसण्याची शक्यता जास्त ती गैरीबास ते कैंयाकाटा या पट्ट्यातल्या बांबूच्या रानात. त्यामुळे मी आणि मैत्रिणीने गैरीबासलाच तळ ठोकायचं ठरवलं. महिना एप्रिल. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंदच असतं.

परवानगीचं काम सोपं आहे. मानेभंजनला ओळखपत्र दाखवून प्रवेशाचं तिकीट काढायचं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. गाईड सक्तीचा. आमच्या गाईडना आम्ही दाजू म्हणायचो, ते आम्हाला दिदी. वाट भारत-नेपाळ सीमेवरून कधी इकडे, कधी तिकडे जाते, त्यामुळे सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र पुन्हा पुन्हा काढावं लागतं. ते वरच्या खिशातच ठेवावं.

गैरीबास सुमारे २६०० मीटरवर, टुमलिंगहून खाली उतरल्यावर. दाजूंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "हाब्रे शोधायचा तर आधी झाड शोधायचं." हाब्रे म्हणजे लाल पांडा. पहाटे आणि संध्याकाळी तो खातो, बाकी वेळ उंच फांदीवर झोपून काढतो. बांबूच्या पाल्यातून अंगाला फार थोडं लागतं, म्हणून खाणं भरपूर आणि हालचाल बेताची.

उजाडायच्या आत निघायचं, हळू चालायचं, बोलायचं नाही. दाजू आधी जमीन बघायचे. कुरतडलेली बांबूची पानं दिसली की थांबायचे. एकदा शेवाळलेल्या फांदीवर हिरवट लेंड्यांचा छोटा ढीग दिसला. त्यांनी एक लेंडी काडीने मोडून दाखवली. आत नुसता पाल्याचा चोथा, आणि वास ओल्या गवतासारखा. "ताजी आहे," म्हणाले, आणि आम्ही तिथेच बसलो.

बसणं हेच सगळ्यात कठीण. धुकं आलं की दहा पावलांवरचं झाड नाहीसं व्हायचं, बोटं आखडायची. गुरासाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, लाल फुलं पायाशी पडलेली. आणि एक गोष्ट तिथे बसल्यावरच कळली: हा प्राणी लाल असूनही झाडावर दिसत नाही. फांद्यांवरचं शेवाळ तांबूस, आणि त्याचं पोट काळं, त्यामुळे खालून बघणाऱ्याला नुसती सावली वाटते.

तो दिसला तेव्हा आधी शेपूटच दिसली, फांदीखाली लोंबणारी, पट्ट्यापट्ट्यांची. मग धुकं सरलं आणि पांढरट तोंड आमच्याकडे वळलं. थोडा वेळ बघून तो खोडावरून डोकं खाली करून उतरला आणि बांबूत शिरला. मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला होता. मला रडू आलं.

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या दोन माद्या २००३ मध्ये याच उद्यानात सोडल्या होत्या. ते संग्रहालय परतीच्या वाटेवर जरूर बघावं. पण आधी जंगलात बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. गाड्या घेऊन येणारे गट कैंयाकाट्याच्या वळणावर हॉर्न वाजवतात, पांडा कुठे आहे म्हणून ओरडून विचारतात. त्या रानात हे चालता कामा नये. दाजूंनाही त्याचा त्रास होतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली त्यांना कुणालातरी घेऊन जायचं असतं.

पुढे आम्ही संदकफूपर्यंत, ३६३६ मीटरवर, चढून गेलो. कांचनजंगाही सकाळी स्वच्छ दिसलं. रजा कमी असेल तर संदकफूच्या पुढचा फालुटचा टप्पा गाळा, गैरीबासचा मुक्काम गाळू नका.