वाऱ्याच्या सोबतीने दक्षिणेकडे: सायकलवरून व्हिएतनाम

व्हिएतनाम हा देश रुंदीला फार कमी आणि लांबीला फार जास्त आहे. डाँग होई शहराच्या परिसरात लाओसच्या सीमेपासून समुद्रापर्यंतचे अंतर जेमतेम ५० किलोमीटर भरते. उलट चीनच्या सीमेवरील हू न्घी नाक्यापासून का मावच्या टोकापर्यंत रस्त्याने जायचे तर दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. असा देश सायकलवरून लांबीने पार करायचा ठरवला की उत्तरेकडून निघायचे की दक्षिणेकडून, हाच पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर वारा देतो. हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे चीनकडून खाली वाहतात, म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या ते पाठीशी राहतात. आम्ही उत्तरेकडून निघालो ते एवढ्याच व्यवहारी विचाराने. हा देश ज्या दिशेने घडत गेला तीच दिशा आपण धरली आहे, हे पुढे वाटेत हळूहळू उलगडत गेले, आणि या प्रवासाविषयी लिहावेसे वाटण्याचे खरे कारण तेच आहे.

सोबती एकच, कॉलेजपासूनचा मित्र. तो स्थापत्य अभियंता आहे आणि पक्का शाकाहारी आहे. या दोन्ही गोष्टींचा प्रवासाच्या वेगावर परिणाम झाला, कारण प्रत्येक पुलाखाली वाकून पाहणे आणि प्रत्येक खानावळीत माशाच्या सॉसची चौकशी करणे त्याला टाळता येत नव्हते. भारतीयांना आता ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, त्यामुळे घाई नव्हती. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या, सुट्टीत तिथली दुकाने आणि खानावळी बंद असतात, म्हणून ती सुट्टी संपल्यावर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आम्ही चीनच्या सीमेजवळच्या लांग सोनला पोहोचलो. देशाचे अगदी उत्तरेचे टोक खरे तर पश्चिमेला लुंग कू येथे आहे. परंतु राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ चा शून्य किलोमीटर हू न्घीला आहे आणि आम्हाला रस्त्याची लांबी हवी होती.

पहिले काही दिवस झिमझिम पावसाचे आणि गारठ्याचे होते. त्या काळात उत्तरेत धो धो पाऊस पडत नाही. हवेत नुसते बारीक तुषार तरंगत राहतात आणि संध्याकाळपर्यंत मोजेसुद्धा ओले होतात. महामार्ग १ वर हनोईपर्यंत ट्रकांची रांग तुटत नाही, शिवाय भोंगे असे की कान बधिर व्हावेत. या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखे याहून फारसे काही नाही.

हनोईच्या पुढे मात्र आम्ही महामार्ग सोडला आणि पश्चिमेकडच्या हो चि मिन्ह रस्त्याला लागलो. अमेरिकेशी झालेल्या युद्धाच्या काळात उत्तरेकडून दक्षिणेकडे रसद नेणाऱ्या जंगलवाटांच्या जाळ्याला बाहेरच्या जगाने हेच नाव दिले होते. आजचा डांबरी-काँक्रीटचा रस्ता काही ठिकाणी त्याच वाटांच्या अंगाने जातो आणि तान की या गावी जुन्या वाटेच्या शून्य किलोमीटरचे स्मारक आहे. सायकलस्वाराने इथे थोडे थांबावे. त्याआधीच्या, १९५४ च्या, वायव्येकडच्या डोंगरांतल्या दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच राज्यकर्त्यांना वाटत होते की, त्या डोंगरात तोफा आणि अन्न पोहोचवणे त्यांच्याशी लढणाऱ्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्यसंघटनेला जमणार नाही. ते जमवण्यात ट्रकांच्या बरोबरीने हजारो सायकलींचा वाटा होता, आणि त्यांतल्या अनेक फ्रेंच बनावटीच्या प्यूजो सायकलीच होत्या. या सायकली कोणी चालवत नसे. हँडलला बांबू बांधून तो लांब केलेला, सीटच्या जागी दुसरा उभा बांबू, फ्रेमच्या दोन्ही अंगांना पोती, आणि माणूस शेजारून ढकलत चालणारा. एरवी दोनशे किलो, आणि पट्टीच्या माणसांनी तर तीनशे किलोंहून अधिक ओझे एका सायकलवरून नेले. आमच्या पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलला लटकवायच्या पिशव्यांत, प्रत्येकी वीसेक किलो सामान होते आणि चढावर आम्ही त्याविषयी कुरकुरत होतो, म्हणून हा हिशेब मित्राने मला त्या आठवड्यात अनेकदा ऐकवला.

चुनखडीच्या डोंगरांतून हा रस्ता फोंग न्याला येतो. जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी सोन दूंग गुहा याच राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे जाणे आमच्या खिशाला परवडणारे नव्हते. फोंग न्यापासून खे सानपर्यंतची पश्चिम शाखा हा संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत एकाकी तुकडा होता. सुमारे २३० किलोमीटरांत दुकाने, खानावळी जवळजवळ नाहीतच. खाणे-पाणी बरोबर घ्यावे लागते. रस्ता अरुंद, काँक्रीटचा, आणि काही चढ असे उभे की सर्वांत हलका गिअर टाकूनही पुढचे चाक उचलले जाते. तासाभरात एखादी मोटारसायकल दिसली तर दोघेही तिला हात करत होतो. हनोई ते सायगाव (आजचे हो चि मिन्ह शहर) महामार्गाने झपाट्याने संपवून संख्या मिरवणाऱ्यांविषयी मला आकस नाही, पण त्यांनी हा देश डोंगराच्या बाजूने पाहिलेलाच नसतो, असे माझे मत झाले आहे.

खे सानहून उतरून आम्ही डाँग हाला आलो आणि तिथून मुद्दाम उत्तरेला उलटे वळून बेन हाय नदीवरचा हिएन लुओंग पूल पाहून आलो. १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार १७ व्या अक्षांशाच्या जवळ हीच नदी उत्तर आणि दक्षिण यांच्यातील तात्पुरती सीमारेषा ठरली. १९५६ मध्ये निवडणुका होऊन ती पुसली जायची होती. निवडणुका झाल्या नाहीत आणि रेषा १९७५ पर्यंत टिकली. पुलाचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा आहे. दोन्ही काठांवरून मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांनी एकमेकांना ऐकवण्याची आणि एकमेकांपेक्षा उंच झेंडा उभारण्याची वर्षानुवर्षे स्पर्धा चालली होती. मूळ पूल १९६७ मध्ये बाँबफेकीत पडला, आताचा पुन्हा उभारलेला आहे. नदी मात्र अगदी बेताची आहे. दोन्ही काठांवर भात तोच, घरे तीच, खानावळीतला रस्साही तोच. ज्या रेषेपायी लाखो माणसे मेली ती सायकलवरून ओलांडताना शरीराला कसलाच फरक जाणवत नाही, आणि याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

फरक जाणवला तो पुढे, हाय व्हान घाटात. हुए ही १८०२ ते १९४५ या काळातली न्गुएन राजांची राजधानी. तिथून निघून लांग को खाडीच्या काठाने गेले की डोंगराचा एक फाटा थेट समुद्रात शिरलेला दिसतो. घाटमाथा ४९६ मीटरांवर आहे, म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याला चढण्याइतकीच ही चढाई, फक्त डाव्या हाताला सतत समुद्र. २००५ मध्ये डोंगराखालून बोगदा सुरू झाला आणि त्यात सायकलींना प्रवेश नाही. ही मनाई आमच्यासाठी वरदानच ठरली, कारण बहुतेक ट्रक खालून जातात आणि घाटरस्ता मोकळा राहतो. उत्तरेच्या बाजूने चढताना आम्ही ढगात होतो आणि अंगावर जाकिटे होती. माथ्यावर मिन्ह मांग राजाच्या काळातले १८२६ चे दगडी द्वार आहे, शेजारी नंतरच्या युद्धांतले काँक्रीटचे खंदक आहेत. दक्षिणेकडे दोन वळणे उतरलो आणि जाकिटे काढावी लागली. खाली दा नांगच्या उपसागरावर लख्ख ऊन होते. ईशान्येकडून येणारी थंड हवा हा डोंगर अडवतो, त्यामुळे देशाचे दोन ऋतुमान इथे वेगळे होतात, हे पुस्तकात वाचलेले विधान तिथे पंधरा मिनिटांत पटले.

हाच डोंगर एके काळी राज्यांचीही वेस होता. त्याच्या दक्षिणेला चंपा हे हिंदू-बौद्ध परंपरेचे राज्य आणि उत्तरेला दाय व्हिएत हे व्हिएतनामी राज्य. १३०६ मध्ये दाय व्हिएतची राजकन्या हुएन त्रान हिचा चंपाचा राजा तिसरा जय सिंहवर्मन याच्याशी विवाह झाला आणि त्या मोबदल्यात चंपाने ओ आणि ली हे दोन प्रदेश, म्हणजे आजच्या हुएचा परिसर, देऊन टाकला. १४७१ मध्ये आजच्या क्वी न्योनजवळची विजय ही राजधानी पडली. उरलेसुरले चाम राज्य मिन्ह मांगने १८३२ मध्ये खालसा केले. व्हिएतनाम असा उत्तरेकडून दक्षिणेकडे, खोऱ्यामागून खोरे, उतरत आला आहे. आम्ही रोज वाऱ्याबरोबर पुढे सरकत होतो आणि साधारण एकेका शतकाची सीमा मागे टाकत होतो.

होई आनपासून मी सोनच्या चाम मंदिरांपर्यंत साधारण ४० किलोमीटर सपाट भातशेती आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर शिवाची स्थापना केली आणि पुढची सुमारे हजार वर्षे डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात विटांची देवळे उभी राहत गेली. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत त्यांतले सर्वांत मोठे देऊळ जमीनदोस्त झाले. बाँबने पडलेले खड्डे देवळांच्या शेजारी अजून दिसतात. अलीकडच्या जीर्णोद्धारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वाटा आहे आणि २०२० मध्ये त्यांच्याच कामात नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. मित्राचा सगळा जीव विटांवर जडला: सांध्यात चुना किंवा माती दिसत नाही, विटा एकमेकींवर घासून बसवल्यासारख्या वाटतात.

इथे एक विषयांतर करतो. व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याने हरवले आणि तिथल्या कोण्या नेत्याच्या समाधीवर तसे कोरले आहे, ही कथा आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेली आहे. निघण्यापूर्वी निदान दहा जणांनी मला ती समाधी पाहून यायला सांगितले. या कथेला विश्वसनीय आधार माझ्या वाचनात कुठेही आलेला नाही आणि वाटेत तिचा मागमूसही लागला नाही. मी सोनसारखे खरेखुरे धागे विटादगडांत समोर असताना बनावट धाग्यांची गरज का भासावी, हे मला कळत नाही. याच कारणाने, फान रांगला पोहोचल्यावर शेवटच्या चाम राज्याचे नाव पांडुरंग होते हे वाचूनही, पंढरपूरशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरला. मित्राने मात्र पो क्लोंग गराईच्या देवळात, दारावरच्या नृत्य करणाऱ्या शिवाखाली उभे राहून, हळूच "पुंडलिक वरदे" म्हटलेच. तिथे चाम लोकांची पूजा आजही चालते, त्यामुळे कोणाला ते खटकले नसावे.

क्वांग न्गायजवळच्या सोन मी गावाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे बोलवत नाही. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी या गावात केलेल्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ५०४ जणांची नावे तिथे वयासह लावलेली आहेत. स्मारकाच्या पायवाटा काँक्रीटच्या आहेत आणि त्यांत सैनिकी बुटांचे, अनवाणी पावलांचे आणि सायकलच्या टायरांचे ठसे उमटवलेले आहेत. आम्ही आमच्या सायकली फाटकाबाहेर लावून आलो होतो.

क्वी न्योनपासून फान रांगपर्यंतचा किनारा हा मौजेचा भाग. डाव्या हाताला समुद्र, मासेमारीच्या गोल टोपलीसारख्या होड्या, दर काही किलोमीटरवर झोपाळ्यांची कॉफीची दुकाने. दुपारी बर्फाची दुधाळ कॉफी घ्यावी आणि उन्हे कलेपर्यंत झोपाळ्यात पडून राहावे, यावर आमचे एकमत होते. शाकाहाराचा प्रश्नही एव्हाना सुटला होता. 'चाय' अशी पाटी असलेल्या खानावळीत मांस-मासे काहीच नसते, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळत असल्याने त्या दिवशी लहान गावांतही टोफूचे चार प्रकार मिळतात. मित्राने पंचांग पाहून पुढच्या मुक्कामांचे नियोजन करायला सुरुवात केली, हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल, पण ते खरे आहे. फान रांग हा देशातला सर्वांत कोरडा मुलूख: द्राक्षबागा, मिठागरे, मेंढ्या, आणि अंगाला झोंबणारे ऊन.

सायगावचा गजबजाट टाळण्यासाठी आम्ही वुंग ताऊहून बोटीने कान ज्योला उतरलो. तिथले खारफुटीचे जंगल युद्धात विषारी फवारणीने जवळजवळ नष्ट झाले होते. १९७८ पासून लोकांनी ते हाताने पुन्हा लावले आणि २००० मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्यापुढे मेकाँगचा त्रिभुज प्रदेश लागतो. हा मूळचा ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांचा, मुलूख. न्गुएन सरदारांनी सायगाव परिसरात आपला कारभार १६९८ मध्ये बसवला, म्हणजे दक्षिणेकडच्या सरकण्याचा हा अगदी अलीकडचा टप्पा. सोक त्रांगला ख्मेर लिपीतल्या पाट्यांची सोनेरी विहारे दिसू लागतात. मार्च संपत आला होता, पाठीवरचा वारा थकला होता आणि उकाडा असा की सकाळी दहानंतर सायकल चालवणे मूर्खपणाचे ठरावे.

नाम कानच्या पुढचा शेवटचा रस्ता खारफुटीतून आणि कोळंबीच्या तळ्यांमधून का मावच्या टोकावरच्या दात मुईला जातो. तिथे हो चि मिन्ह रस्त्याच्या शेवटचा दगड आहे आणि त्यावर किलोमीटर २४३६ असा आकडा आहे. टोकाच्या पश्चिम बाजूला समुद्र गाळ आणून टाकतो आणि जमीन दरवर्षी थोडी पुढे सरकते, तर पूर्वेचा किनारा झिजतो. तेव्हा हा आकडा किती वर्षे बरोबर राहील, यावर माझ्या अभियंता मित्राने दगडाशेजारी उभे राहून मला बराच वेळ व्याख्यान दिले. ते संपल्यावर आम्ही का मावला परतलो, सायगावच्या झोपायच्या बसच्या पोटात सायकली आडव्या घातल्या आणि त्यांच्या भाड्यावरून वाहकाशी बोटांच्या खुणांनी घासाघीस केली.