कपार धरायची सवय अन् मालवणचं पोवळं

आमच्या औशाकडची सगळी पोरं विहिरीतच पोहायला शिकलेली. कमरेला सुका भोपळा नायतर रिकामा डबा बांधायचा, काकानं मागून ढकलायचं, अन् दम लागला की हातपाय आपटत कडेला येऊन कपार धरायची. कपार हाताला लागली की जिवात जीव. हीच सवय मला मालवणात नडली.

जानेवारीत मी, दाजी अन् भाचा असे तिघं निघालो. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून मालवण, अंग पार आंबून गेलं. सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगची बोट, म्हणजे डोळ्यावर मास्क अन् तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचं. गाईड पोरगा सांगायलाय की पाय आपटू नका, खाली उभं राहू नका, काही धरू नका, अन् मी मनात म्हणायलो, अरे बाबा आम्ही विहिरीत सूर मारणारी माणसं, आम्हाला काय सांगतोस. त्यानं दिलेली तरंगायची ट्यूब पण सोडून दिली.

दहा मिनिटांत नळीत पाणी शिरलं. खारट घोट पोटात, घाबरून पाय खाली टेकवायला गेलो अन् हात आपोआप समोरच्या गोल दगडाकडं गेला. मनगटावर गाईडची सटकन चापट बसली.

दगड नव्हताच तो. मास्कमधून जवळून बघितलं तर पिवळट तपकिरी, अन् वर सगळीकडं राजगिऱ्याएवढी बारीक भोकं. बोटीत आल्यावर गाईड म्हणला, प्रत्येक भोकात एकेक जीव राहतो, पोवळं म्हणजे झाड नाही न् दगड नाही, प्राणी आहे, वर पातळ कातडी असते, बोट नायतर फिन, म्हणजे पायात घालायचं वल्ह्यासारखं रबरी पातं, घासली की ती फाटते अन् रोग शिरतो. हे गोल पोवळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. पालथ्या घमेल्याएवढं होतं ते, म्हणजे 20-25 वर्षांचं, अन् आमचा भाचा अजून 12 चा.

त्या जिवाच्या अंगातच शेवाळ असतं, तेच त्याला खाऊ घालतं, रंगही त्याच्यामुळंच. पाणी लई तापलं की शेवाळ निघून जातं अन् पोवळं पांढरं पडतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आठवतंय ना, तेव्हा आम्ही घागरी मोजायलो होतो अन् तिकडं लक्षद्वीप-अंदमानला पाण्याखाली पोवळी पांढरी पडायली होती. दोन्हीमागं एकच एल निनो, म्हणजे तिकडं प्रशांत महासागराचं पाणी तापतं अन् सगळीकडचं हवामान बिघडतं. आम्हाला टँकर तरी आला.

दाजींनी स्कूबा केलं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खाली बुडी. त्यात तर श्वासावरच खेळ, घेतला की वर, सोडला की खाली, पण धरून ठेवायचा नाही, फुप्फुसाला धोका असतो. नवखा माणूस भसकन खाली जातो अन् फिननं तळाची वाळू उडवतो, ती वाळू पोवळ्यावर बसते. म्हणून पोवळ्यापासून चार हात लांबच राहायचं. सनस्क्रीन मात्र दाजींनी पेंट मारल्यासारखं थापलं होतं. त्यातलं ऑक्सिबेन्झोन नावाचं रसायन पोवळ्याला घातक म्हणून हवाईत तसल्या क्रीमवर 2021 पासून विक्रीबंदी आहे, आपल्याकडं कोण विचारतंय. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला की, स्वस्त पडतं.

शेजारच्या बोटीनं ब्रेडचा पुडा फोडला, मासे झुंबड करून आले, लोकांचे मोबाईल वर. हे मासे पोवळ्यावर माजणारं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात, त्यांना ब्रेडची चटक लावून कुणाचं भलं होतंय? वरून त्याच बोटीनं नांगर सरळ पोवळ्यावरच टाकला. आमचा गाईड ओरडला, पण ऐकतंय कोण. बुकिंग करतानाच विचारून घ्या, नांगर कुठं टाकता म्हणून.

परत येताना किनाऱ्यावर भाच्याच्या खिशात पांढरा तुकडा सापडला. त्याला सांगितलं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे वाघाच्या रांगेत पहिल्याच शेड्यूलला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मेलेलं असलं तरी घरी न्यायचं नाही, टाक पाण्यात. टाकला, पण तोंड हे एवढं फुगवून. फोंडा घाट चढताना पहिल्यांदा बोलला, "मामा, मग पप्पांच्या अंगठीत काय आहे?"

दाजींनी अंगठी हळूच तळहाताच्या बाजूला फिरवली. "ते मंगळासाठी आहे," म्हणले, अन् खिडकीबाहेर बघायलेत.