‘तो काहीही सांगेल, विश्वास ठेवू नका’

‘बिघडलेल्या’ मुलांना ठेवून घेऊन सुधारणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने पालकांसाठी छापलेली पुस्तिका गेल्या महिन्यात माझ्या हातात आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून हसणारी मुलगी. आत एका पानावर ठळक अक्षरांत यादी होती. पहिल्या काही आठवड्यांत तुमचं मूल फोनवर काय काय म्हणेल त्याची. मला घरी न्या. इथे पोटभर खायला देत नाहीत. इथली माणसं मला मारतात. मी स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेईन. आणि खाली पालकांना सूचना: हे सगळं तुम्हाला वळवून घेण्यासाठी असतं, बळी पडू नका, मुलावर विश्वास ठेवायची ही वेळ नाही, आमच्यावर भरवसा ठेवा.

ते पान वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

अमेरिकेतलं यूटा राज्य म्हटलं की तुम्हाला झायन नॅशनल पार्कचे लाल कडे आणि कोणाच्या तरी ट्रिपचे फोटो आठवतात. आम्ही लीहायला राहतो. इथे आयटीतली आपली मंडळी भरपूर आहेत. गणपतीला साउथ जॉर्डनच्या देवळात आणि होळीला स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात जायचं हे ठरलेलं. स्पॅनिश फोर्कच्या वाटेवर प्रोव्हो लागतं, स्प्रिंगव्हिल लागतं. त्याच पट्ट्यात देशभरातून ‘बिघडलेली’ मुलं आणून ठेवायच्या संस्था आहेत, हे इतकी वर्षं इथे राहून मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरून बघितलं तर शाळा वाटते, नाहीतर छोटं हॉस्पिटल.

मला हे कळलं ते न्यू जर्सीच्या माझ्या मामेबहिणीमुळे. (तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) तिचा मुलगा दहावीच्या वयाचा. वेप ओढताना पकडला गेला, शाळा बुडवायला लागला, एकदा रागात भिंतीला गुच्चा मारून भगदाड पाडलं. शाळेतून कोणीतरी एका सल्लागाराचं नाव दिलं आणि त्या सल्लागाराने यूटामधलं एक ठिकाण सुचवलं. खर्च महिन्याला दहा हजार डॉलरच्या आसपास. ताई म्हणाली, “अगं, तू तिथेच राहतेस ना, जरा जाऊन बघून ये. आम्हाला तर आता काही सुचेनासं झालंय.” मी गेले. स्वच्छ जागा, गोड बोलणारी बाई, पुस्तिका.

मी त्या बाईला विचारलं, मुलाला आईवडिलांशी एकट्याने बोलता येईल ना? येईल, म्हणाली, आठवड्यातून एकदा, कायदाच आहे तसा. कायदा खरंच आहे. यूटाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याने अशा संस्थांची वर्षातून चार वेळा तपासणी बंधनकारक केली, मुलांना शांत ठेवण्यासाठी औषधं टोचण्यावर आणि बांधून ठेवण्यावर बंधनं घातली, आणि दर आठवड्याला कुटुंबाशी खासगीत बोलू द्यायला लावलं. म्हणजे २०२१ पर्यंत पोराने आपल्या आईशी दुसरं कोणी ऐकत नसताना बोलावं, एवढ्या साध्या गोष्टीची इथे हमी नव्हती. आता ती मिळाली. पण फोन कायद्याने दिला आणि पालकांच्या कानात बोळे पुस्तिकेने आधीच घालून ठेवले. मूल खरं बोललं तरी ते आजाराचं लक्षण आणि खोटं बोललं तरी लक्षणच. मग त्याने मार खाल्ला तर ते सांगायचं कसं आणि कोणाला? हा प्रश्न मी त्या बाईला विचारला. ती हसून म्हणाली, पालकांना सुरुवातीला असंच वाटतं.

हा कायदा झाला तो हिल्टन हॉटेलवाल्यांच्या घरातल्या पॅरिस हिल्टनमुळे, हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. तिच्याबद्दल आपल्या मनात जी प्रतिमा असते ती बाजूला ठेवून तिची साक्ष वाचा. नव्वदच्या दशकात, किशोरवयात, तिला रात्री अंथरुणातून अनोळखी माणसांनी उचलून नेलं. त्यांना पैसे तिच्या आईवडिलांनीच दिले होते. ती अकरा महिने इथल्याच प्रोव्हो कॅन्यन स्कूल नावाच्या संस्थेत होती. कसल्या ते न सांगता गोळ्या दिल्या जात, अंघोळ करताना पाहारा असे, एकांतकोठडीत ठेवलं जाई, आणि घरच्या फोनवर यातलं काही बोलायला गेलं की फोन तोडत, असं तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत आमदारांच्या समितीपुढे सांगितलं. संस्थेचे आताचे मालक म्हणतात की २००० मध्ये आम्ही ती घेतली, त्याआधीचं आम्ही सांगू शकत नाही. एवढ्या पैसेवाल्या घरातली, एवढी प्रसिद्ध बाई. तिलाही हे उघड बोलायला वीस वर्षं लागली.

रात्री उचलून नेण्याचं ते काम करणाऱ्या कंपन्या इथे राजरोस आहेत. पहाटे तीन-चारला दोन धिप्पाड माणसं खोलीत येतात आणि ‘सरळ चाल नाहीतर हात बांधू’ म्हणतात. आईवडील दारात उभे असतात. त्यांनी कागदावर सही केलेली असते, म्हणून याला अपहरण म्हणत नाहीत. तिथे पोचल्यावर पळून जाऊ नये म्हणून बूट काढून घेतात. मग पायऱ्या सुरू होतात: सगळ्यात खालच्या पायरीवर परवानगीशिवाय बोलायचं नाही, वर चढायचं तर गुण मिळवायचे, आणि ‘माझंच चुकलं’ हे सगळ्यांसमोर म्हटल्याशिवाय वर चढू देत नाहीत. सगळ्यांनी मिळून एकाला घेरून सोलून काढायची ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या सिनॅनॉनपासून आली. १९५८ मध्ये व्यसनी माणसांसाठी निघालेला तो गट पुढे एक पंथच झाला. मोठ्यांसाठीचं ते तंत्र मग मुलांवर वापरायला लागले. फ्लोरिडातल्या ‘द सीड’ या अशाच संस्थेबद्दल १९७४ मध्ये सिनेटच्या अहवालात लिहिलं गेलं की हे कोरियन युद्धातल्या कैद्यांच्या ब्रेनवॉशिंगसारखं आहे. त्यानंतर दोनच वर्षांत तिथेच ‘स्ट्रेट’ नावाची तशीच संस्था निघाली आणि १९९३ पर्यंत चालली. एक बंद पडते, दुसरी दुसऱ्या नावाने उघडते.

आणि विश्वास न ठेवल्याने काय होतं, तेही कागदोपत्री आहे. १९९४ मध्ये ॲरिझोनाहून आलेला १६ वर्षांचा मुलगा, दक्षिण यूटात एस्कलांटेजवळच्या वाळवंटात, मुलांना रानावनात ठेवून सुधारायच्या ‘वाइल्डरनेस’ कार्यक्रमात. पोटात दुखतंय म्हणत होता, वजन झपाट्याने उतरत होतं. नेणाऱ्यांनी ठरवलं की नाटक करतोय. अल्सर फुटून पोटभर संसर्ग झाला होता. त्यात तो गेला. २०२० मध्ये मिशिगनच्या कलामाझूमध्ये १६ वर्षांच्याच एका मुलाने जेवणाच्या हॉलमध्ये सँडविच फेकलं म्हणून मोठ्या माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. मला श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्याचा मृत्यू झाला. या मुलाला तर पालकांनी पाठवलंही नव्हतं, तो सरकारच्या ताब्यातला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात १२ वर्षांचा मुलगा पोचल्यानंतर २४ तासांच्या आत गुदमरून गेला. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २००७ मध्ये अहवाल दिला होता: एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांत मिळून अशा संस्थांतले १,६१९ कर्मचारी मुलांच्या छळाच्या घटनांत गुंतलेले आढळले. मग विधेयक आलं, लोकसभेसारख्या त्यांच्या खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकून पडलं. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरचा कायदा झाला, पण त्याने एकही गोष्ट बंद केली नाही. अभ्यास करा, माहिती गोळा करा, राज्यांना शिफारशी द्या, एवढंच.

हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, आपल्याकडे असं चालत नाही. मला लगेच ‘हो’ म्हणावंसं वाटलं, कारण इथे राहून आपल्या देशाची बाजू घ्यायची सवयच लागते. माझा भाऊ साताऱ्याला वसतिगृहात होता. छडी होती, पहाटे पाचला उठवणं होतं, जेवण बेतास बात. पण दर रविवारी बाबा डबा घेऊन जायचे आणि भावाशी बाहेर झाडाखाली बसून तासभर बोलायचे. एकदा त्याच्या पोटरीवरचे वळ दिसल्यावर सरळ रेक्टरच्या खोलीत गेले होते. ती छडी चांगली होती असं मी म्हणत नाही. पण रविवार होता, आणि बाबा ऐकत होते. माझ्या दृष्टीने सगळा फरक तिथे आहे.

कायद्याच्या बाबतीत तर मला खरोखर अभिमान वाटला. आपला २०१७चा मानसिक आरोग्य कायदा काढून वाचला. अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायला हवं, या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायला हवं, आणि दाखल असेपर्यंत पूर्ण काळ पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस मुलासोबत राहिलंच पाहिजे. सोबत राहिलंच पाहिजे! अमेरिकेत हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. माहीत आहे, गल्लीबोळांतली कितीतरी खासगी व्यसनमुक्ती केंद्रं या कायद्याला विचारत नाहीत, आणि तिथे मारहाणीत माणूस गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण उभं आहे, आणि माणसाला न तोडता, घरच्यांना सोबत घेऊन व्यसनातून बाहेर काढता येतं हे आपल्याला कोणा अमेरिकन सल्लागाराकडून शिकायची गरज नाही.

आता अमेरिकेची दुसरी बाजू. हे सगळं मला कळलं ते इथल्याच लोकांमुळे. त्या संस्थांतून बाहेर पडलेली माणसं, स्वतःला ‘सर्व्हायव्हर’ म्हणवणारी, चाळिशी-पन्नाशीत आमदारांसमोर उभी राहून रडत रडत साक्ष देतात, तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागवून लोकांपुढे ठेवतात. आपल्याकडे वसतिगृहात मार खाल्लेला माणूस पुढे ‘त्यामुळेच मी घडलो’ असं सांगतो. इथे ते थेट कायदा बदलायला जातात, आणि त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे.

ताईला मी स्पष्ट ‘नको’ सांगितलं. ती भडकली. “तुझी मुलगी अजून चौथीत आहे, तुला काय कळणार,” म्हणाली. हे ती रात्र-रात्र जागून, मुलाची वाट बघत काढलेल्या महिन्यांनंतर बोलत होती, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. अशा वेळी कोणी ‘आम्ही सांभाळतो’ म्हटलं तर सही करावीशी वाटते, हे मला कळतं. त्यावरच तर हा धंदा चालतो. तिथे गेलेलं प्रत्येक मूल छळलं जातं असं मी म्हणत नाही, काहींना उपयोग झाल्याचंही सांगतात. माझं म्हणणं एवढंच की ज्या जागी मुलाच्या तोंडून आलेली तक्रार आधीच खोटी ठरवून ठेवलेली आहे, तिथे छळ होतो की नाही हे आईबापाला कळायला मार्गच उरत नाही. भाचा सध्या घरीच आहे. आठवड्यातून दोनदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, शाळा अजून बुडवतो. भावोजी माझ्याशी मोजकंच बोलतात.

तुमच्यापैकी कोणाचे भाचे-पुतणे, नातवंडं इकडे असतील आणि असं काही कानावर आलं, तर त्यांना एवढं विचारायला सांगा: न कळवता कधीही भेटायला येता येईल का, फोनवर कोण ऐकतं, मुलाला धरून दाबायची पद्धत आहे का आणि मागच्या वर्षी ती किती वेळा वापरली, तपासणीचा शेवटचा अहवाल दाखवता का. सल्लागाराला त्या संस्थेकडून काही मिळतं का, हेही विचारा. आणि ठिकाण यूटातलं असेल तर मला कळवा. मी स्वतः जाऊन बघून येईन.