पिकअप एका सकाळी पसंत पडली, बोजा उतरायला हंगाम गेला

डिझेल पिकअप विकत घेताना इंजिन कसे तपासावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण कर्जाचा बोजा असलेली गाडी आपल्या नावावर होईपर्यंत काय सोसावे लागते, ते सहसा कोणी सविस्तर सांगत नाही. जुन्नर तालुक्यातील आमच्या शेतावरून नारायणगावच्या बाजारात आणि अधूनमधून माळशेज घाट उतरून वाशीला टोमॅटो न्यायचे असल्यामुळे मला जुनी पण भरवशाची पिकअप हवी होती. तशी ती मिळालीही. मात्र विकणाऱ्याचे कर्ज पूर्ण फिटलेले असताना एका वित्त कंपनीच्या शाखेने ना-हरकत प्रमाणपत्रासाठी (एनओसीसाठी) आम्हाला जे झुलवले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

निवडीचे आधी सांगतो, कारण तो भाग त्या मानाने सोपा होता. टाटा 207, अशोक लेलँड दोस्त आणि महिंद्रा बोलेरो पिकअप अशी तीन नावे डोळ्यांसमोर होती. 207 चे 2956 सीसीचे इंजिन ओझ्याला दमदार असते, परंतु माझ्या पैशांत येणाऱ्या त्या गाड्या फार वापरलेल्या होत्या. दोस्तचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन डांबरी रस्त्यावर आणि गावातल्या अरुंद गल्लीत सोयीचे वाटले, तरी आमच्या शेताची वाट ओढ्यातून जाते आणि पावसात तिथे ओळखीची, दणकट गाडीच हवी असे माझे मत झाले. शेवटी 2019 सालची, बीएस-4 या प्रदूषण मानकाची बोलेरो पिकअप घ्यायचे ठरवले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी जास्तीची यंत्रणा आणि सेन्सर आले. त्या गाड्या वाईट नाहीत, पण बिघाड झाला तर संगणक लावणारे वर्कशॉप गाठावे लागते, आणि भरलेला माल घेऊन वाटेत थांबणे टोमॅटोवाल्याला परवडत नाही. आमच्या मिस्त्रींच्या हाताखालून या 2523 सीसीच्या इंजिनाची कित्येक कामे गेलेली आहेत, हे कारण माझ्यासाठी सर्वांत मोठे होते.

पाहायला जाताना मी विक्रेत्याला, म्हणजे अण्णांना, आदल्या रात्रीच फोन करून सांगितले होते की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तापलेले डिझेल इंजिन बरेच दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलते का, सुरुवातीचा धूर लगेच निवळतो का, हे सकाळीच कळते. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, काळा धूर भारावर सतत येत असेल तर नोझल, पंप किंवा टर्बोकडे पाहावे लागेल, आणि पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मिस्त्रींनी चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून वायू जोरात बाहेर येतो का, ते पाहिले, मग गाडीखाली शिरून पाटे, क्राउन-पिनियनचा (मागच्या धुऱ्यातील गिअरचा) आवाज आणि चासीवरचे जोड पाहिले. चासीला नव्याने वेल्डिंग दिसले, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अतिभाराचे लक्षण असते आणि रंगाखाली ते लपवलेले असते. 1.3 टन माल वाहण्याची क्षमता असलेल्या गाडीत, वीस किलो मालाचा क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह धरला, तर साठच्या आसपास क्रेट नियमात बसतात. बाजारात त्याच गाडीवर किती क्रेट रचलेले दिसतात ते सर्वांना माहीत आहे, म्हणून आधीच्या मालकाने काय वाहिले हे विचारलेच पाहिजे. अण्णा दूध आणि पशुखाद्य वाहत होते. गाडी पसंत पडली आणि किंमतही दुपारच्या आत ठरली.

गाडीच्या नोंदीत वित्त कंपनीचा बोजा दिसत होता. अण्णांनी शेवटचा हप्ता भरल्याची पावती दाखवली आणि आठवड्यात एनओसी मिळेल असे सांगितले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत आणि त्यांचीही तीच समजूत होती. तरीही मी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा केला, त्यात ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा बोजा उतरून गाडी माझ्या नावावर झाल्यावरच देईन असे लिहून घेतले, आणि तोवर गाडी अण्णांच्याच अंगणात उभी ठेवली. हा निर्णय मी घेतला याचे मला आजही समाधान आहे. ‘पैसे द्या, गाडी न्या, कागद मागाहून होतील’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर त्याचे ऐकू नये. अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीतील मालकाच्या दारात जातो आणि गाडीच्या नुकसानीचा विमा वापरणाऱ्याच्या हाती लागत नाही. दोघांचाही घात होतो.

शाखेत पहिल्यांदा सांगण्यात आले की एनओसी मुख्य कार्यालयातून येते, थोडे थांबा. थांबलो. पुढच्या वेळी सांगितले की प्रणाली बंद आहे. त्यानंतर टेबलावरची व्यक्ती बदलली आणि नव्या व्यक्तीने सगळे कागद पुन्हा मागितले. उन्हाळी टोमॅटोचे तोडे सुरू झाले होते, माल भाड्याच्या गाडीने जात होता आणि बाजार चढा असताना प्रत्येक खेपेचे भाडे माझ्या खिशातून जात होते. बऱ्याच चकरांनंतर खरे कारण बाहेर आले, तेही तोंडी: अण्णा आपल्या मेहुण्यांच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन आहेत, ते कर्ज याच कंपनीचे आहे, म्हणून ते फिटेपर्यंत या गाडीची एनओसी अडकवून ठेवली आहे. मेहुण्यांचे हप्ते थकलेले नव्हते. अण्णांना असे काही कोणी कधी लेखी कळवलेले नव्हते. एक म्हातारा माणूस आपले कर्ज पै-पैसह फेडून समोर बसला आहे आणि त्याला दुसऱ्याच्या चालू कर्जाचे कारण सांगून परत पाठवले जाते, हे पाहून मला जो संताप आला तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

तेव्हा मी नियम वाचायला बसलो. रिझर्व्ह बँकेने बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांसाठी जी न्याय्य व्यवहार संहिता घालून दिली आहे, तिच्यात म्हटले आहे की सर्व येणे फिटल्यावर तारण मोकळे करावे. कर्जदाराकडून दुसरे काही कायदेशीर येणे असल्यामुळे तारण रोखायचे असेल, तर त्या येण्याचा पूर्ण तपशील आणि कोणत्या अटीखाली तारण रोखले आहे हे सांगणारी नोटीस कर्जदाराला दिली पाहिजे. म्हणजे कंपनीला रोखण्याचा हक्क मुळीच नसतो असे नव्हे, पण तो तोंडी वापरता येत नाही. अण्णांच्या नावाने साध्या मराठीत अर्ज लिहिला: कर्ज क्रमांक, शेवटच्या भरण्याची तारीख, आणि एकच मागणी, की एनओसी द्या, अन्यथा कोणत्या करारातील कोणत्या कलमाखाली व किती रकमेसाठी रोखली आहे ते लेखी द्या. अर्जाची प्रत शाखेच्या शिक्क्यासह पोच म्हणून घेतली आणि तोच अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क शाखेत लावलेला असला पाहिजे. आमच्या शाखेत तो फलक कपाटाच्या मागे होता. अर्जात हेही लिहिले की तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करू. अशी तक्रार विनाशुल्क आणि ऑनलाइन करता येते. फक्त ती कर्जदाराच्या नावाने करावी लागते, खरेदीदाराच्या नाही.

लोकपालापर्यंत जावेच लागले नाही. मुदत संपण्याच्या आत मुख्य कार्यालयातून फोन आला, जामिनाचा विषय कोणी पुन्हा काढला नाही, आणि एनओसी नमुना 35 च्या, म्हणजे बोजा उतरवण्याच्या अर्जाच्या, दोन प्रतींसह मिळाली. ती हातात घेऊन मी तिथेच चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहिला, तर एक अंक चुकलेला होता. दुरुस्त प्रत यायला आणखी वेळ गेला. म्हणून सांगतो, एनओसी हाती आली की शाखेच्या बाहेर पडण्यापूर्वी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, मालकाचे नाव आणि गाडीचा क्रमांक अक्षर-अक्षर तपासावा, आणि नमुना 35 वर कंपनीची सही व शिक्का दोन्ही प्रतींवर आहे हे पाहावे. एनओसीवर मुदत लिहिलेली असते. ती टळली तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

परिवहन कार्यालयातील काम सुरळीत झाले. बोजा उतरवण्यासाठी नमुना 35, हस्तांतरणासाठी नमुना 29 आणि 30, विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र (फिटनेस), शुल्क, इतकेच. एक गोष्ट आधीच करून ठेवावी: ऑनलाइन अर्जातील ओटीपी विक्रेत्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि अण्णांचा नोंदीतला क्रमांक कधीच बंद झालेला होता, त्यामुळे तो आधी बदलून घ्यावा लागला. थकीत ई-चलनही अर्ज करण्याआधीच पाहून घ्यावे. एकूण भारासह वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागत नाही, तेव्हा परवान्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर नोंदणी प्रमाणपत्रावरील वजन दाखवावे. योग्यता प्रमाणपत्राचे मात्र विसरू नये. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते, म्हणून किंमत ठरवतानाच त्याची तारीख विचारावी. चालकाच्या परवान्याबद्दलही लोक विनाकारण घाबरवतात. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आणि 2024 मध्ये घटनापीठाने कायम केले.

नवे नोंदणी प्रमाणपत्र आले तेव्हा बोजाचा रकाना मोकळा होता. त्याच संध्याकाळी मी अण्णांना उरलेली रक्कम दिली आणि गाडी घरी आणली. उन्हाळी तोडे तोवर संपले होते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. ते काम मी दुसऱ्याच दिवशी उरकले. अण्णांच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. कोणाची एनओसी अशीच तोंडी कारणाने अडली असेल, तर त्यांनी तो मागून घ्यावा आणि त्यात आपला कर्ज क्रमांक व तारखा घालून थेट पोच घेऊन यावे.