पट्टेबाज: फायटरचा होमब्रू सबक्लास घडवताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी सबक्लास (पात्राच्या क्लासची, म्हणजे पेशाची, खास शाखा) करायला घेतला की आधी डाइसचा आकडा ठरवायचा मोह होतो. मी तो आकडा शेवटी भरतो. क्षमता कधी चालू होते, एका राउंडमध्ये (सगळ्यांच्या एकेका टर्नमध्ये) कितीदा आणि कोणाकोणावर, हे पक्कं झालं की डॅमेज किती ठेवायचं ते फारसं डोकं न खाजवता ठरतं. इथे उदाहरणाला फायटर, म्हणजे योद्धा, या क्लासचा ‘पट्टेबाज’ हा होमब्रू (घरी बनवलेला) सबक्लास घेतलाय. नियम २०१४ चे. फायटरला सबक्लासच्या क्षमता मिळतात त्या लेव्हल ३, ७, १०, १५ आणि १८ ला.

मर्दानी खेळ पाहिलेल्यांना दांडपट्टा माहीत असतो. लांब, लवचीक, दुधारी पातं. मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या आत. मनगट वळत नाही, वार खांद्यातून येतो आणि एकटा माणूस चौफेर गर्दी थोपवतो. यातून एकच वाक्य काढलं: पट्टेबाज गर्दीत घुसतो आणि गर्दीला सुटू देत नाही. पुढचं प्रत्येक कलम या वाक्याला लावून बघायचं. एकट्या ड्रॅगनसमोर डॅमेज वाढवणारी कल्पना कितीही झकास असली तरी बाहेर.

शस्त्राचं आधी उरकून टाकू. पट्टा म्हणजे नियमांत लाँगस्वोर्डच: डॅमेज डी८ (आठ बाजूंचा डाइस), किंमत १५ गोल्ड. दोन हातांनी धरून डी१० मारायची सोय काढली, बदल्यात ‘हातातून पाडता येत नाही’ हे दिलं आणि चढवायला-उतरवायला एक ॲक्शन लावली. सबक्लासच्या क्षमता मात्र पट्ट्याला बांधल्या नाहीत. बांधल्या, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खजिन्यात ठेवलेली जादूची तलवार या खेळाडूच्या काहीच कामाची राहत नाही. म्हणून अट एवढीच: एका हाताने चालवायचं, कापणारं डॅमेज देणारं शस्त्र.

आता लेव्हल ३. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा, कारण प्रत्येक खेळाडू ही क्षमता वापरणार आणि तीच सर्वात जास्त वेळा. क्षमतेचं नाव घेरा. सुचायला सोपा मसुदा असा: बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) खर्च करा, पुढच्या टर्नपर्यंत जो शत्रू तुमच्यापासून ५ फुटांत टर्न सुरू करेल त्याला डी८ डॅमेज. वाचायला छान वाटतं. आकडे मांडू. लेव्हल ३ चा फायटर, स्ट्रेंग्थ १६, हल्ल्याला +५. आर्मर क्लास (वार लागायला डाइसने गाठायचा आकडा) १३ समोर ६५ टक्के वार लागतात. लाँगस्वोर्ड आणि ड्युएलिंग (एका हातातल्या एकाच शस्त्राने लढायची फायटरची शैली) मिळून एका वाराचं सरासरी ९.५, म्हणजे चुकलेले वार आणि क्रिटिकल (दुप्पट डाइसचे वार) धरून राउंडला साधारण ६.४. आणि घेरा? चार गॉब्लिन भोवती असले तर ४ गुणिले ४.५, सरळ १८, तेही हल्ल्याचा डाइस न टाकता. गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती डॅमेज सोसता येतं तो आकडा) ७. चौघांचे मिळून २८. बोनस ॲक्शनमध्ये दोन तृतीयांश लढाई आटोपली. वर प्रत्येक शत्रूच्या टर्नला ‘थांबा, याला डॅमेज’ म्हणत डीएमला अडवायचं. हा मसुदा रद्द.

दुसरा मसुदा: तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा, तुमचा वार एखाद्या शत्रूला लागला, की तुमच्या ५ फुटांतल्या इतर प्रत्येक शत्रूला २ डॅमेज. डाइस नाही. तीन इतर शत्रू असतील तर ०.६५ गुणिले ६, म्हणजे ३.९. हा २ लेव्हल ७ ला ३, १० ला ४, १५ ला ५ आणि १८ ला ६ होतो. प्रोफिशियन्सी बोनस (पात्राच्या नैपुण्याचा बोनस) वापरला असता तरी जवळपास हेच आकडे आले असते, पण तो एकूण लेव्हलवर वाढतो. मग फायटरच्या तीनच लेव्हल उचलून पुढे दुसऱ्या क्लासमध्ये गेलेल्यालाही शेवटी पूर्ण ६ मिळाले असते. फायटरच्या लेव्हलला बांधलं की ती पळवाट बंद.

शब्दरचनेत एकेक शब्द पैसे वसूल करतो. ‘प्रत्येक टर्नला एकदा’ आणि ‘तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात शत्रूच्या टर्नला मारलेला ऑपॉर्च्युनिटी ॲटॅकही (दूर जाणाऱ्या शत्रूवर मिळणारा वार) घेरा चालू करतो. रोग (Rogue) या क्लासचा स्नीक ॲटॅक याच वाटेने राउंडमध्ये दोनदा लागतो. ‘एकदा’च नसेल तर ॲक्शन सर्जने (फायटरला मिळणाऱ्या जादा ॲक्शनने) घेऱ्यांची रांग लागते. ‘५ फूट’ ऐवजी ‘तुमच्या पोहोचीत’ लिहिलं की कोणीतरी चाबूक काढतो: एका हाताचा, कापणारा, १० फूट पोहोच. ग्रिडवर ५ फुटांत ८ चौकोन बसतात, १० फुटांत २४. आणि ‘शत्रू’ ऐवजी नुसतं ‘क्रीचर’ लिहिलं की पिशवीतल्या उंदरांचा जुना प्रश्न उभा राहतो: खेळाडू सोबत कोंबडी बाळगतो, तिला मारतो आणि भोवतीच्या अवघड आर्मर क्लासवाल्यांना फुकट डॅमेज देतो. असले खेळाडू टेबलावर क्वचितच भेटतात, पण वाद घालणारे हमखास भेटतात.

एक परिणाम आकड्यांत दिसतच नाही. डॅमेज २ असलं तरी जादूगाराला कॉन्सन्ट्रेशनसाठी (मंत्र टिकवण्यासाठी) डीसी १० चा सेव्ह (१० गाठायचा बचावाचा डाइस) टाकावा लागतोच. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +२ असेल तर ३५ टक्के वेळा मंत्र तुटतो, आणि या २ डॅमेजला आर्मर क्लास आडवा येत नाही. मी हे राहू दिलं; गर्दीत उभ्या राहिलेल्या जादूगाराला पट्टेबाजाची धास्ती वाटलीच पाहिजे. पण डॅमेज वाढवायचा मोह मात्र इथेच आवरला.

आता तुलना. बॅटल मास्टर या फायटरच्या अधिकृत सबक्लासला लेव्हल ३ ला मनूव्हरवर (डावपेचांवर) खर्चायचे डी८ चे ४ सुपिरिऑरिटी डाइस, शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट धरले तर १२ डाइस, सरासरी ५४ डॅमेज, शिवाय प्रत्येक मनूव्हरचा वेगळा परिणाम. घेऱ्यासाठी दिवसाला ६ लढाया, प्रत्येकी ३ राउंड, त्यातल्या निम्म्या राउंडमध्ये दोन इतर शत्रू जवळ असं धरलं, तर ९ गुणिले ४ गुणिले ०.६५, म्हणजे २३.४. निम्म्याहून कमी. म्हणजे बजेट शिल्लक आहे.

ते कुठे खर्चायचं हे गॉब्लिननेच सांगितलं. गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये डिसएंगेज करता येतं, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक न खाता दूर सरकता येतं. जरा हुशार डीएम असेल तर गॉब्लिन मारतात, सटकतात आणि घेऱ्यात कोणी उरतच नाही. म्हणून जोड दिली: घेऱ्याचं डॅमेज लागलेला शत्रू तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत डिसएंगेज करूनही तुमच्यापासून दूर गेला, तर ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक मिळतो. असा वार रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येणारी झटपट कृती) खर्चून मारायचा असतो आणि ती राउंडला एकच असल्याने याला आपोआप लगाम आहे. हे सेंटिनेल या फीटच्या (पात्राला वेगळी घेता येणाऱ्या खास क्षमतेच्या) एका तुकड्याला धडकतं, पण त्या फीटचे बाकी फायदे शिल्लक राहतात, त्यामुळे ते घेणाऱ्याचं फार नुकसान नाही. शिवाय मघाच्या २ डॅमेजला आता चेहरा येतो: ७ पैकी ५ उरलेल्या गॉब्लिनला डी८+५ चा कुठलाही वार पुरतो.

लेव्हल ७ ला लढाईबाहेरचं काहीतरी: ॲक्रोबॅटिक्स किंवा परफॉर्मन्समध्ये प्रोफिशियन्सी, आणि तळहातावरचं लिंबू हाताला न लागता कापण्याइतकी अचूकता, म्हणजे कोणी धरलेली किंवा अंगावर बांधलेली छोटी वस्तू, दोर, पट्टा इजा न करता कापता येतो. अट: ती व्यक्ती राजी किंवा बेसावध हवी. ही अट नसेल तर लढाईत लोकांच्या मंत्रसामग्रीच्या पिशव्या तुटायला लागतात.

लेव्हल १० ला ‘दोन शत्रू जवळ असताना आर्मर क्लास +२’ असं बरेच जण लिहितील. प्लेट आणि ढाल मिळून २०. हल्ल्याला +७ असलेला राक्षस ४० टक्के वेळा लागतो, २२ झाल्यावर ३०. पाव डॅमेज कायमचं गायब, काहीच खर्च न करता. फ्लँकिंगला (दोन बाजूंनी घेरल्याच्या फायद्याला) उत्तर देणारी क्षमताही नको, तो नियमच ऐच्छिक आहे. मी रिॲक्शन ठेवली: ५ फुटांतल्या शत्रूचा वार लागला की डॅमेजमधून डी१० अधिक स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी मॉडिफायर वजा. म्हणजे रिॲक्शन वाचण्यासाठी वापरायची की पळणाऱ्याला अडवण्यासाठी, हे दर राउंडला ठरवावं लागतं. लेव्हल १५ ला ही ओढाताण सैल होते: राउंडला एक जादा रिॲक्शन, फक्त घेरा लागलेल्यावरच्या ऑपॉर्च्युनिटी ॲटॅकसाठी. १८ ला घेरा १० फुटांपर्यंत, तेव्हा ते २४ चौकोन खुशाल घ्या.

चाचणीला तीन लढाया पुरतात: मोकळ्या जागेत चार गॉब्लिन, एकटा ओगर (आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९), आणि ५ फूट रुंदीचा बोळ. ओगरसमोर घेरा शून्य आहे. तिथे खेळाडूला नुसत्या फायटरपणावर करमतं का ते बघायचं. बोळात पुढे एक, मागे एक, बस. पात्र अशा माणसाला द्यावं ज्याने मसुदा पाहिलेला नाही, आणि तोंडी काहीही समजावू नये. तो जिथे ‘हे इथे लागू होतं का?’ विचारेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं. घेरा कोणाला लागलाय हे लक्षात ठेवायला मिनिएचरखाली शर्टाचं बटण सरकवावं; बटणं टाकून लढाई रेंगाळत असेल तर नियमातच काहीतरी जड झालंय.

मसुदा इतरांना वाटायचा असेल तर एक तांत्रिक बाब. एसआरडी ५.१ (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे इतरांना वापरायला खुले केलेले मूळ नियम) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली आहे. त्यात फायटरचा चॅम्पियन हा एकच सबक्लास आहे आणि ग्रॅपलर हे एकच फीट. बॅटल मास्टर आणि सेंटिनेल त्यात नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे तुलनेला वापरा, पण त्यांचा मजकूर उचलू नका. श्रेयाचं जे वाक्य एसआरडीच्या सुरुवातीला दिलंय, ते जसंच्या तसं आपल्या मसुद्यात टाकावं लागतं.