.३२ कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरची नोंद: ३ इंची नळीला कोणतं काडतूस

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की रिव्हॉल्व्हरसाठी पोकळ टोकाची, म्हणजे आत शिरल्यावर फुलणारी गोळी शोधतोय. तो शोध आता थांबवला.

माझं हत्यार कानपूरचं, काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, नळी ३ इंच. या काडतुसाची शिशाची गोळी ९८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) आणि तिचा छापील वेग सेकंदाला ७०५ फूट, तोही ४ इंची नळीतून. नळी इंचभर आखूड झाली की वेग आणखी उतरतो, शिवाय चक्री (काडतुसं बसतात ती) आणि नळीमधल्या फटीतून गॅस निसटतोच. रविवारी अंधार पडताना शेवटची सहा झाडली, तेव्हा फटीच्या दोन्ही अंगांना ठिणग्या स्पष्ट दिसल्या. पोकळ टोक फुलायला जो वेग लागतो, तो इथे उरतच नाही. आणि एखादं फुललंच, तर खोल जात नाही. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने (अमेरिकेची तपास संस्था) चाचणीच्या जिलेटिनमध्ये, जे शरीराच्या जागी वापरतात, १२ ते १८ इंच शिरकाव हा निकष धरला. एवढ्या हलक्या काडतुसात मला खोली महत्त्वाची वाटते, म्हणून गोल टोकाची भरीव गोळीच ठेवणार.

नाना त्यांचं .३२ चं पिस्तूल घेऊन आले होते. त्यात एसीपी काडतूस, गोळी ७१ ग्रेनची, ४ इंची नळीतून छापील वेग ९०५ फूट. तुलना करताना एक गोष्ट धरा: पिस्तुलाची नळी मोजताना चेंबरही (काडतूस बसतं ती जागा) मोजतात, रिव्हॉल्व्हरची मोजताना चक्री धरत नाहीत. त्यामुळे दोन्हीकडे ३ इंच लिहिलं असलं तरी पिस्तुलात गोळीला धावायला जागा कमी मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात दोन्हींना ‘बत्तीस’च म्हणतात. मागच्या महिन्यात काउंटरवरच्या पोराने मला एसीपीचं खोकं काढून दिलं. ते काडतूस लाँगच्या चक्रीत बसतं, कारण त्याच्या बुडाला किंचित कड असते. पण त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), लाँगचा १५,०००. बसतंय म्हणून झाडू नका, भाऊ. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा, मग पैसे द्या.

७ मीटरवर दोन वेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या एकेका खेपेची) काडतुसं झाडली. जुन्या लॉटच्या सहाही एका मुठीत, नव्याच्या चार बोटं खाली आणि पसरलेल्या. नळी तीच, हात तोच. म्हणून परवान्यावरच्या कोट्यात सगळी एकाच लॉटची घ्यायची, हे ठरवलं.

साठवण बदलली. आधी डबा मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत असायचा. रावेरच्या मे महिन्यात ती खोली हात लावता येत नाही अशी तापते, आणि काडतुसातली तापलेली दारू झाडताना दाब वाढवते. डबा आता घरात, मधल्या खोलीच्या कपाटात, कुलपात.

या वर्षाची चौतीस उरलीत. पुढच्या रविवारी १० मीटर, फक्त डावा हात.